पाम पायलट आणि लिनक्स: एका बटणामागची खटपट

मार्च १९९६ मध्ये यू.एस. रोबोटिक्स या मोडेम बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने पायलट १००० आणि पायलट ५००० हे दोन खिशात मावणारे ऑर्गनायझर बाजारात आणले. पहिल्यात १२८ आणि दुसऱ्यात ५१२ किलोबाइट मेमरी, १६ मेगाहर्ट्‌झचा मोटोरोला ड्रॅगनबॉल प्रोसेसर, १६० बाय १६० ठिपक्यांचा एकरंगी पडदा आणि वीज पुरवायला दोन बारीक पेन्सिल सेल, एवढाच ऐवज. ही यंत्रे घडवणाऱ्या पाम कम्प्युटिंगची स्थापना जेफ हॉकिन्स यांनी १९९२ मध्ये केली होती आणि १९९५ मध्ये यू.एस. रोबोटिक्सने ती विकत घेतली होती. पामचे झूमर हे आधीचे यंत्र सपशेल पडले होते. त्यावरून हॉकिन्स यांनी धडा घेतला की खिशातल्या यंत्राने टेबलावरच्या संगणकाशी बरोबरी करू नये, त्याची स्पर्धा कागदी डायरीशी आहे. नव्या यंत्राच्या आकाराचा लाकडी ठोकळा ते कित्येक दिवस खिशात बाळगून होते, हा किस्सा संगणकाच्या इतिहासात वारंवार सांगितला जातो.

त्या विचाराचा दुसरा भाग होता तो क्रेडल, म्हणजे संगणकाला तारेने जोडलेली यंत्राची बैठक. पत्ते आणि भेटीच्या वेळा संगणकावर आरामात टंकायच्या, यंत्र क्रेडलमध्ये उभे करायचे, क्रेडलवरचे एकमेव बटण दाबायचे आणि दोन्हीकडची माहिती सारखी करून घ्यायची. या क्रियेला कंपनीने हॉटसिंक असे नाव दिले. तिची गरज नुसत्या सोयीपुरती नव्हती. यंत्रातली सगळी माहिती रॅममध्ये असे. सेल काढून वेळेत नवे घातले नाहीत, तर एकूण एक पत्ता पुसला जाई. त्यामुळे सिंक हाच बॅकअप होता. सिंक बंद पडणे म्हणजे सहा महिन्यांच्या नोंदी दोन सेलच्या भरवशावर सोडणे.

कंपनीचे सिंकचे सॉफ्टवेअर विंडोज आणि मॅकिन्टॉशसाठी होते. लिनक्ससाठी काहीच नव्हते, आणि १९९६ मध्ये त्यात कोणाला नवल वाटले नाही. पण विद्यापीठांतले प्रोग्रामर आणि सर्व्हर सांभाळणारे प्रशासक, म्हणजे लिनक्स वापरणारी बरीचशी मंडळी, अशा यंत्राची हौशी गिऱ्हाइके होती. त्यांनी आपली सोय आपणच केली. पेस विलिसन यांच्या सुरुवातीच्या कोडवर जेफ डिऑन आणि केनेथ अल्बानोव्स्की यांनी पायलट-लिंक हा संच उभा केला. पुढच्या काळात तो डेव्हिड डेरोझिए यांनी सांभाळला. लिनक्सवर पाम सिंक करणारे बहुतेक सगळे प्रोग्राम पुढे याच पायावर उभे राहिले. डिऑन आणि अल्बानोव्स्की तिथेच थांबले नाहीत. १९९८ मध्ये त्यांनी खुद्द पायलटच्या प्रोसेसरवर चालणारी लिनक्सची आवृत्तीही तयार केली. यूसीलिनक्स या नावाने ती नंतर राउटर आणि कारखान्यांतल्या नियंत्रकांत पोचली.

विंडोजवर बटणाआड लपलेले व्यवहार लिनक्सवर उघडे पडले. पाम आणि संगणक यांचा संवाद थरांवर थर रचून होत असे. सगळ्यांत खाली सिरियल तारेवरून जाणारी पाकिटे. त्यावर प्रत्येक पाकिटाची पोच मागणारा पीएडीपी हा थर. त्यावर वेग ठरवणारा सीएमपी आणि सगळ्यांत वर ‘हा डेटाबेस उघड, तो रेकॉर्ड दे’ असे सांगणारा डीएलपी. बटण दाबले की पाम ९६०० बॉडच्या संथ वेगाने जागे झाल्याची वर्दी देई, संगणक पुढचा वेग सुचवी आणि दोघेही त्या वेगावर जात. बोलायला सुरुवात नेहमी पामने करायची आणि संगणकाने त्या आधीच कान देऊन बसायचे, हा या व्यवहाराचा मूळ नियम होता. पुढच्या दहा वर्षांतल्या निम्म्या तक्रारी या एका नियमाशी येऊन थांबतात.

सिरियल क्रेडलच्या काळातल्या अडचणी तशा सरळ होत्या. पहिला प्रश्न पोर्टचा. विंडोजवरचा कॉम१ लिनक्सवर टीटीवायएस० होई आणि कॉम२ टीटीवायएस१. हा आकड्यातला एकाचा फरक नवख्याला हमखास चकवी. प्रत्येक प्रोग्रामला पोर्टचे नाव वेगळे सांगायला नको, म्हणून डेव्ह डिरेक्टरीत ‘पायलट’ नावाची सिंबॉलिक लिंक करून ठेवण्याची पद्धत पडली. पेन बनवणाऱ्या पायलट कंपनीने हरकत घेतल्यावर पामला ते नाव सोडावे लागले आणि १९९८ चे यंत्र पाम ३ या नावाने आले. लिनक्सवर मात्र लिंकमध्ये, पायलट-लिंकमध्ये, के-पायलट आणि जे-पायलटमध्ये ते नाव तसेच टिकून राहिले.

दुसरा प्रश्न परवानगीचा. पोर्टची फाइल रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या खात्याच्या, मालकीची असे आणि तिचा गट रेड हॅटवर यूयूसीपी, तर डेबियनवर डायलआउट. आपले खाते त्या गटात नसेल, तर रूट म्हणून सिंक होई आणि स्वतःच्या नावाने अडे. अनेक जण कंटाळून ती फाइल सरसकट सगळ्यांना खुली करत. घरच्या संगणकावर ते खपून जाई, पण सामायिक यंत्रावर हा गलथानपणाच होता. तिसरा प्रश्न पोर्ट आधीच दुसऱ्याच्या ताब्यात असण्याचा. मोडेमची वाट पाहत बसलेला गेटी, सिरियल माउस चालवणारा जीपीएम किंवा आधी अर्धवट मेलेला सिंकचाच प्रोग्राम पोर्ट अडवून बसलेला असे. हे सगळे जुळूनही मधेच सिंक तुटत असेल, तर वेग उतरवून पाहायचा. पायलटरेट या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये १,१५,२०० ऐवजी कमी आकडा घातला की जुन्या सिरियल चिपवरही काम निभे. आणि मुळात क्रेडलचे धातूचे संपर्क पुसून घेणे, सेल उतरले नाहीत ना ते पाहणे, हे उपाय सगळ्यांच्या आधी करायचे. बहुतेक जण ते सगळ्यांच्या शेवटी करत.

आज्ञांच्या ओळी न आवडणाऱ्यांसाठी १९९८-९९ च्या सुमारास खिडक्यांचे प्रोग्राम आले. डॅन पिलोन यांनी केडीई या डेस्कटॉपसाठी के-पायलट सुरू केला. जड मॉन्टगोमेरी यांचा जे-पायलट जीटीकेवर बेतलेला होता आणि दिसायला पामच्या स्वतःच्या डेस्कटॉपसारखा होता. जीनोमवाल्यांचा जीनोम-पायलट इव्होल्यूशनच्या पत्त्यांशी आणि कॅलेंडरशी बोलत असे. त्याआधीचा भरत मेदिरत्ता यांचा पर्लमधला पायलटमॅनेजर आणि अँड्र्यू अ‍ॅरेन्सबर्गर यांचा कोल्डसिंक यांचाही आपापला वर्ग होता. या सगळ्यांत जे-पायलट सर्वांत भरवशाचा ठरला. त्याचे कारण त्याच्या साधेपणात आहे. तो पामच्या डेटाबेसची प्रत जशीच्या तशी ठेवी, संगणकावर केलेले बदल पीसी३ नावाच्या शेजारच्या फाइलमध्ये लिही आणि सिंकच्या वेळी ते पामवर चढवी. माहिती दुसऱ्या कुठल्या साच्यात ओतायची नसल्याने ओतताना सांडायचा प्रश्न कमी येई. के-पायलट आणि जीनोम-पायलट यांना मात्र पामचा पत्ता केडीईच्या किंवा इव्होल्यूशनच्या पत्त्यात बसवावा लागे, आणि तिथे नोंदी दुहेरी होण्याचे दुखणे जडले. शिवाय या दोघांचे पहारेकरी प्रोग्राम पार्श्वभूमीला चालत. दोन्ही एकाच वेळी चालू असले की पोर्टसाठी ओढाताण होई आणि पडद्यावर कारण म्हणून काहीच दिसत नसे.

नोंदी दुहेरी का होत, हे समजायला पामच्या आतली व्यवस्था पाहावी लागते. प्रत्येक रेकॉर्डला एक ओळख-क्रमांक असे आणि बदल झाला की त्यावर खूण लागे. सिंक झाला की खुणा पुसल्या जात. शेवटचा सिंक कोणत्या संगणकाशी झाला, हेही पाम लक्षात ठेवी. तोच संगणक पुन्हा भेटला, तर फक्त खुणा असलेले रेकॉर्ड जात, याला जलद सिंक म्हणत. दुसरा भेटला, तर सगळे रेकॉर्ड एकेक करून ताडून पाहावे लागत, तो संथ सिंक. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांची फजिती इथे होई. विंडोजमध्ये सिंक केला की खुणा पुसल्या गेल्या आणि खोडलेल्या नोंदी पामवरून कायमच्या गेल्या. नंतर लिनक्सकडे त्या खोडल्याचा पुरावाच उरत नसे. संथ सिंकमध्ये ताडणी चुकली की मग एकाच माणसाचे दोन-दोन पत्ते.

कोऱ्या यंत्राची तऱ्हा याहून निराळी. नव्या किंवा हार्ड रीसेट केलेल्या पामला वापरकर्त्याचे नाव नसे आणि त्याचा क्रमांक शून्य असे. अशा यंत्राशी सिंक करायला जे-पायलट नकार देई, कारण ते कोणाचे हे कळायला मार्ग नसतो आणि चुकीच्या फायलींशी गाठ पडली तर सगळेच बिघडते. उपाय होता पायलट-लिंकमधल्या इन्स्टॉल-यूजर या आज्ञेने नाव आणि क्रमांक देण्याचा. हे न कळल्याने अनेकांनी कारण नसताना केबल बदलल्या. पुढे जे-पायलटमध्येच नाव घालायची खिडकी आली आणि हा त्रास मिटला.

खरा गुंता यूएसबीने आणला. हॉकिन्स, डोना डुबिन्स्की आणि एड कॉलिगन यांनी पाम सोडून १९९८ मध्ये हँडस्प्रिंग ही कंपनी काढली आणि १९९९ मध्ये पामचीच प्रणाली चालवणारे व्हायझर बाजारात आणले. त्याचा क्रेडल यूएसबीचा होता. पामनेही २००१ च्या एम५०० आणि एम५०५ पासून तीच वाट धरली. लिनक्ससाठी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी व्हायझर नावाचा ड्रायव्हर लिहिला. तो यूएसबी-सिरियल या व्यवस्थेचा भाग होता, म्हणजे यूएसबीच्या तारेला जुन्या सिरियल पोर्टचे रूप देणारा. त्यामुळे पायलट-लिंकला फारसे न बदलता चालता आले. पण एक गोष्ट रूप बदलून लपवता आली नाही.

सिरियल पोर्ट कायम जागेवर असतो. यंत्र जोडा, काढा, पोर्ट आहेच. म्हणून जुन्या पुस्तिका सांगत की आधी संगणकावर पायलट-लिंकमधला पायलट-एक्सफर हा प्रोग्राम चालवा, तो वाट पाहत बसेल, मग बटण दाबा. व्हायझर मात्र क्रेडलमध्ये नुसते उभे असताना यूएसबीवर दिसतच नसे. बटण दाबल्यावर ते प्रकट होई, संगणक त्याला ओळखी, पोर्ट तयार होई आणि सिंक संपला की पोर्टसकट ते नाहीसे होई. म्हणजे आधी बटण, मग प्रोग्राम. क्रोआ-हार्टमन यांनी ड्रायव्हरच्या माहितीपत्रात हे स्पष्ट लिहून ठेवले होते आणि पायलट-एक्सफरच्या माहितीपत्रात सांगितले आहे त्याच्या हे उलट आहे, अशी कबुलीही दिली होती. तरीही वर्षानुवर्षे लोक जुन्या क्रमाने सिंक करत राहिले आणि ‘असे यंत्र नाही’ या संदेशापाशी अडत राहिले. उलट्या बाजूनेही वेळेचे बंधन होते. बटण दाबून फार वेळ गेला की पाम कंटाळून संपर्क तोडी. प्रोग्राम सुरू करायची वेळ या दोन टोकांच्या मध्ये साधावी लागे. सराईत माणूस आज्ञा टंकून ठेवी, बटण दाबी, दोन-तीन आकडे मोजी आणि एंटर मारी. ज्यांना हे नको होते, त्यांनी पोर्टची फाइल दिसेपर्यंत थांबणाऱ्या चार ओळींच्या शेल स्क्रिप्ट लिहिल्या.

पोर्ट कोणता, हा प्रश्नही बदलला. बटण दाबले की कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये ओळी उमटत: हँडस्प्रिंग व्हायझर टीटीवाययूएसबी० ला आणि टीटीवाययूएसबी१ ला जोडले गेले, पहिले पोर्ट सर्वसाधारण कामासाठी, दुसरे हॉटसिंकसाठी. एका यंत्राचे दोन पोर्ट का, याचे उत्तर असे की सर्वसाधारण पोर्टवरून पीपीपी जोडणीसारखी इतर कामे करता येत. सिंक दुसऱ्यावर. मात्र सोनीच्या क्लिए यंत्रांपैकी पाम ३.५ प्रणालीवरची सगळी पहिल्याच पोर्टवर सिंक होत, आणि मूळ प्रणालीवर नवी आवृत्ती चढवलेली बहुतेकही. त्यामुळे मित्राकडची चालू मांडणी जशीच्या तशी उचलून उपयोग नसे. लॉग वाचणाऱ्याला पाच मिनिटांत उत्तर मिळे आणि न वाचणाऱ्याची संध्याकाळ जाई.

यातला सर्वांत फसवा प्रकार आकडे सरकण्याचा. सिंक मधेच तुटला आणि एखाद्या प्रोग्रामने टीटीवाययूएसबी१ उघडेच ठेवले, तर तो आकडा अडकून बसे. पुढच्या वेळी बटण दाबले की यंत्र वेगळ्या आकड्यांवर उगवे. ‘पायलट’ ही लिंक मात्र जुन्या आकड्याकडेच बोट दाखवत राही. सकाळी चालणारा सिंक संध्याकाळी का चालत नाही, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असे. अडकलेला प्रोग्राम मारायचा, केबल काढून लावायची, की आकडे परत शून्यापासून सुरू.

जानेवारी २००१ च्या २.४ कर्नलने यूएसबी सर्वसामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोचवले आणि डिसेंबर २००३ च्या २.६ ने डेव्ह डिरेक्टरीचा कारभारच बदलला. आधी पोर्टच्या फायली कायमच्या करून ठेवलेल्या असत. त्या नसतील तर मेजर क्रमांक १८८ देऊन हाताने बनवाव्या लागत. आता यूडेव्ह आला, तोही क्रोआ-हार्टमन यांनीच सुरू केलेला. यंत्र दिसेल तेव्हाच तो फाइल बनवी आणि यंत्र जाताच ती पुसून टाकी. हाताने केलेली लिंक आता अस्तित्वात नसलेल्या फाइलकडे रोखलेली असे, आणि वाट पाहणारे प्रोग्राम ‘अशी फाइलच नाही’ म्हणून हात टेकत. लिंक बनवायचे काम यूडेव्हच्या नियमांकडे सोपवावे लागले. पाम हँडहेल्ड नावाचे यंत्र दिसले आणि पोर्टचा आकडा विषम असला, तर त्याला ‘पायलट’ असे नाव द्यायचे, असा तो एका ओळीचा नियम. विषम आकडा यासाठी, की दोन पोर्टांपैकी दुसराच हवा असे आणि आकडे सरकले तरी जोडीतला दुसरा विषमच राही. जुन्या दुखण्यावरचा हा इलाज कल्पक म्हणावा असा होता.

पायलट-लिंकच्या ०.१२ आवृत्तीने सिरियलचे सोंगच टाकून दिले. लिबयूएसबी वापरून ती थेट यंत्राशी बोलू लागली. पोर्टच्या जागी नुसते ‘यूएसबी’ आणि त्यापुढे विसर्गासारखे दोन ठिपके लिहिले की झाले. फाइल नाही, लिंक नाही, आकडे नाहीत, आणि आधी प्रोग्राम चालवून मग बटण दाबायचा जुना क्रमही पुन्हा जमू लागला. पण व्हायझर ड्रायव्हर अजून कर्नलमध्ये होताच आणि यंत्र दिसताच तो झडप घाली. एका यंत्रावर दोघांचा हक्क चालत नाही. म्हणून व्हायझरला काळ्या यादीत टाकावे लागे. काही वितरणांनी ते आपणहून केले, आणि मग जुन्या पद्धतीने टीटीवाययूएसबी१ वापरणाऱ्यांचा चालू सिंक एका अपडेटसरशी बंद पडला. एकाचा उपाय तो दुसऱ्याचा बिघाड, असा हा काळ होता. दोन्ही पद्धतींच्या सूचना सरमिसळ करून पाळणाऱ्यांचे हाल विचारायला नकोत.

तार नीट जुळल्यावरही माहिती न पोचण्याचा एक प्रकार २००३ च्या टंगस्टन टी३ ने आणला. पामने पत्त्यांसाठी, कॅलेंडरसाठी, कामांसाठी आणि टिपणांसाठी नवे डेटाबेस काढले. जुन्या नावाचे डेटाबेस जुन्या प्रोग्रामशी बिनतक्रार सिंक होत, सगळे यशस्वी झाल्याचा संदेश येई आणि पामच्या पडद्यावर मात्र काहीच बदललेले नसे, कारण यंत्र नव्या डेटाबेसमधून वाचत होते. पायलट-लिंक आणि जे-पायलट यांनी नवे साचे हळूहळू आत्मसात केले. अक्षरांचीही अडचण होती. पाम युरोपीय भाषांसाठी एकबाइटी अक्षरतक्ता वापरी आणि लिनक्स यूटीएफ-८ कडे निघाला होता. फ्रेंच-जर्मन नावांतली चिन्हे त्यात बिघडत, पण जे-पायलटच्या सेटिंगमध्ये त्यावर तोड होती. देवनागरी मात्र पामच्या मूळ तक्त्यांतच नव्हती. मराठी नावे रोमन लिपीतच लिहावी लागत.

तारेला पर्यायही होते. इन्फ्रारेड, ब्लूटूथ किंवा टीसीपीच्या १४२३८ क्रमांकाच्या पोर्टवरून नेटवर्कमार्फत सिंक करता येई. ज्यांनी ते एकदा बसवले त्यांना यूएसबीच्या आकड्यांशी झगडावे लागले नाही, पण बसवायची खटपट त्याहून मोठी होती.

दरम्यान पामचाच बहर ओसरत गेला. २००३ मध्ये हँडस्प्रिंग पामकडे परत आली आणि तिचा ट्रिओ हा फोन कंपनीचे मुख्य यंत्र बनला. २००९ च्या पाम प्री फोनवर पामची जुनी प्रणाली गेली आणि वेबओएस आली. तिचा गाभा लिनक्स कर्नलचाच होता. पत्ते आणि कॅलेंडर त्यात इंटरनेटवरच्या खात्यांतून येत, क्रेडलवरच्या बटणाला काम उरले नव्हते. पुढच्याच वर्षी एचपीने पाम विकत घेतली. केडीई आणि जीनोमनेही आपले पाम प्रोग्राम एकेक करून काढून टाकले. जे-पायलट तेवढा तग धरून राहिला.

व्हायझर ड्रायव्हर कर्नलमध्येच राहिला. २०१५ मध्ये त्यात एक भोक सापडले. क्लिएसाठी लिहिलेल्या भागात, समोरच्या यंत्राकडे माहिती पाठवायचा मार्ग आहे की नाही हे तपासलेलेच नव्हते. खोटी ओळख सांगणारे आणि तो मार्ग नसलेले यूएसबी उपकरण कोणी लावले, तर कर्नल कोसळे. खरा क्लिए विकणे सोनीने दशकभरापूर्वीच बंद केले होते. पण क्लिए असल्याची बतावणी करणारे उपकरण कोणत्याही लिनक्स संगणकाला लावता येत होते. जोडणीपूर्वी तो मार्ग आहे ना हे पाहणारी तपासणी २०१६ च्या सुरुवातीला कर्नलमध्ये घातली गेली.